ॲपवर तक्रार ‘बंद’, गल्लीत पाणी तसंच

पत्राचा सारांश: मुंबईबाहेरच्या एका महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या नोकरदार बाईंनी लिहिलं आहे. त्यांच्या गल्लीत गेले तीन पावसाळे गुडघाभर पाणी साचतं आणि तळमजल्यावरच्या घरांत ड्रेनेजचं पाणी उलटं येतं. महापालिकेच्या ॲपवर त्यांनी तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून ती बंद झाली. जानेवारीतल्या निवडणुकीत प्रभागातून चार नगरसेवक निवडून आले, पण ‘तो भाग माझ्याकडे येत नाही’ म्हणत चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फोटो आणि संताप असतो, पत्रावर सही मागितली की मात्र मोजकेच पुढे येतात. घरचे म्हणतात, ‘कशाला पुढारीपण करतेस, उद्या आपल्यालाच त्रास देतील.’ बाईंचा प्रश्न असा: ‘माझी कुठे ओळख नाही, राजकारणात पडायचं नाही. माहिती अधिकार टाकू, मोर्चा काढू, कोर्टात जाऊ, की गप्प बसू?’

ताई, तुमच्या ‘ओळख नाही’पासूनच सुरुवात करते. ओळखीचा उपयोग होत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. फोन उचलला जातो, फाइल दोन टेबलं लवकर पुढे सरकते. पण सरकायला आधी फाइल असावी लागते, आणि तुमच्या पत्रावरून असं दिसतं की तुमच्या गल्लीतल्या पाण्याची फाइल महापालिकेत अजून तयारच झालेली नाही. तीन तक्रारी झाल्या, तिन्ही साफसफाईच्या नोंदीत जाऊन संपल्या. एखाद्या वजनदार माणसाने फोन केला असता तर जेटिंगची गाडी (जोरदार पाण्याने तुंबलेली वाहिनी साफ करणारी) फार तर एक दिवस आधी आली असती.

नागरिकांची मागणी महापालिकेत तीनपैकी एका वाटेने जाते. फुटलेलं झाकण, तुंबलेलं चेंबर, बंद पडलेला दिवा ही देखभाल. तिचे वार्षिक ठेके दिलेले असतात आणि ॲप त्यासाठीच आहे. नवी वाहिनी टाकणं, जास्त व्यासाचा पाइप बसवणं, रस्त्याखालून मोरी काढणं हे भांडवली काम. त्याला सर्वेक्षण, पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज), अंदाजपत्रकात तरतूद, निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. तिसरी वाट नियोजनाची: नाल्याची हद्द कुठे, रस्ता किती रुंद, कुठली जागा कशासाठी राखीव. हे विकास आराखड्यात ठरतं आणि तिथे नागरिकाला हरकत किंवा सूचना नोंदवता येते.

एकदा पाणी तुंबलं तर ती देखभालीची गोष्ट असू शकते. तीन पावसाळे त्याच जागी तुंबत असेल, तर ती बहुधा भांडवली कामाची आहे. तुम्ही ती देखभालीच्या खिडकीत टाकलीत. तिथल्या माणसाने चेंबर साफ केलं, फोटो काढला, तक्रार बंद केली. त्याच्या कामापुरता त्याचा शेरा खरा आहे. चौथी तक्रारही याच वाटेने जाईल.

आता तांत्रिक बाजू. ती समजल्याशिवाय मागणी नीट मांडता येत नाही. गल्लीखाली साधारणपणे दोन स्वतंत्र वाहिन्या असतात किंवा असायला हव्यात: मैलापाण्याची आणि पावसाळी पाण्याची. घरात उलटं येणारं पाणी मैलावाहिनीतलं असतं. कोरड्या दिवशी सकाळी, वापर जास्त असतो त्या वेळी, महापालिकेच्या कर्मचाऱ्याकडून चेंबरचं झाकण उघडून घ्या. (स्वतः आत वाकू नका, कुणाला उतरवू तर अजिबात नका, आत विषारी वायू असतो.) कोरड्या दिवशीही मैला साचून उभा दिसला, तर पुढे अडथळा आहे किंवा पाइपचा उतार बिघडला आहे. कोरड्यात वाहतं आणि फक्त पावसात भरतं, असं असेल तर पावसाचं पाणी मैलावाहिनीत शिरतंय.

ते कुठून शिरतं? पुष्कळदा आपल्याच सोसायट्यांमधून. गच्चीचे पावसाळी पाइप जवळचं चेंबर सापडलं म्हणून ड्रेनेजला जोडलेले असतात. रस्त्यावर पाणी साचलं की कुणीतरी भलेपणाने मैलावाहिनीचं झाकण उचलून ते आत सोडतं. गल्लीतलं पाणी पंधरा मिनिटांत ओसरतं आणि सर्वांत खालच्या घराच्या न्हाणीतून वर येतं. म्हणून महापालिकेकडे जाण्याआधी गल्लीतल्या प्रत्येक इमारतीचा गच्चीचा पाइप कुठे जातो ते बघून घ्या. हे काम थोडं अप्रिय आहे, शेजारी नाराज होतील. पण अभियंता जागेवर आला की पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल तर सगळा दोष रहिवाशांवर ढकलायला त्याला आयतं कारण मिळेल.

रस्त्याची पातळीही तपासा. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर चढवत गेलं की रस्ता वर येतो आणि इमारतीची जोती खाली जातात. मग रस्त्याकडेच्या जाळ्या असूनही पाणी त्यांच्याकडे न जाता फाटकातून आत येतं.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा: तो रस्ता महापालिकेचा आहे का? हसू नका. खासगी लेआउटमधले कित्येक अंतर्गत रस्ते वर्षानुवर्षं सार्वजनिक वापरात असतात, पण कागदोपत्री महापालिकेच्या ताब्यात आलेले नसतात. विकासकाने हस्तांतर केलं नाही, किंवा केलं पण ताबा पावती झाली नाही. अशा रस्त्यावर भांडवली खर्च टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून अभियंता तोंडी ‘बघतो’ म्हणतो आणि लेखी काहीच देत नाही. तुमचे चारही नगरसेवक टाळत असतील त्यामागे हेही कारण असू शकतं. पथ विभागाला एका ओळीचं पत्र द्या: ‘अमुक ते अमुक हा रस्ता मनपाच्या ताब्यात आहे का, असल्यास ताबा कोणत्या तारखेचा?’ नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागाकडून मंजूर लेआउट नकाशाची प्रत घ्या. उत्तर ‘ताब्यात नाही’ असं आलं, तर पाइपची मागणी तूर्त बाजूला ठेवून आधी रस्ता हस्तांतरित करून घेण्याच्या मागे लागावं लागेल. तो कंटाळवाणा मार्ग आहे, पण तो टाळून पुढे जाता येत नाही.

नगरसेवकांकडे वळू. तुमचा राग समजतो, तरी त्यामागच्या अपेक्षेकडे एकदा बघा. मुंबई सोडून बाकीच्या महापालिका १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात, आणि त्यात कारभार करण्याचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेवक कनिष्ठ अभियंत्याला आदेश देऊ शकत नाही. देतो तेव्हा ते चालतं ते वजनावर, अधिकारावर नाही. त्याच्या हातात खरोखर असतं ते अंदाजपत्रकात काम सुचवणं, प्रभाग समितीत आणि सर्वसाधारण सभेत विषय मांडणं, प्रश्न विचारणं, मत देणं. तेव्हा ‘साहेब, पाणी साचतंय, काहीतरी करा’ यापेक्षा ‘पुढच्या अंदाजपत्रकासाठी हे काम लेखी सुचवा आणि त्या पत्राची प्रत आम्हाला द्या’ हे मागणं जास्त कामाचं. पहिल्यावर ‘बघतो’ म्हणून सुटता येतं, दुसऱ्यावर हो किंवा नाही म्हणावं लागतं.

आणि ‘तो भाग माझ्याकडे नाही’ या उत्तराला काही आधार नाही. बहुसदस्यीय प्रभागात निवडून आलेले सगळे सदस्य संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात. गल्ल्यांची वाटणी त्यांनी आपसांत सोयीसाठी केलेली असते. म्हणून चौघांना चार वेगळी पत्रं न देता एकच पत्र चौघांच्या नावे द्या, चौघांची पोच एकाच प्रतीवर घ्या. पक्ष वेगवेगळे असतील तर तुमचं ‘राजकारणात पडायचं नाही’ हेही आपोआप साधतं.

तुमच्या पत्रात प्रभाग समितीचा उल्लेख नाही, बहुतेकांच्या पत्रांत नसतोच. १९९३पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. राज्याच्या कायद्यातल्या कलम २९-अ प्रमाणे त्या भागातले नगरसेवक, तिथला प्रभारी अधिकारी आणि नगरसेवकांनी नेमलेले स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य मिळून ही समिती बनते. पाणीपुरवठा, ड्रेनेज, स्वच्छता आणि पावसाळी पाण्याचा निचरा यांबाबतच्या सामाईक तक्रारी लवकर सोडवणं हे कायद्याने तिला दिलेलं काम आहे. तुमचा विषय जवळपास शब्दशः तिच्या यादीत आहे. प्रभागातल्या खर्चाच्या अंदाजांवर ती शिफारस करते, आणि अंदाजपत्रकात तरतूद असेल तर ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामाला मंजुरी देऊ शकते. मोठी वाहिनी त्या रकमेत बसणार नाही, पण दोन जाळ्या आणि जोडपाइप बसू शकतात. २०२२पासून निवडणुका होईपर्यंत बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते, त्या काळात या समित्या नव्हत्याच. त्यामुळे नव्या नगरसेवकांपैकी अनेकांनाही तिचा वापर कसा करायचा हे ठाऊक नसेल. तुम्ही विषय लेखी देऊन पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती केलीत, तर त्यांचंही काम सोपं होतं. (कायद्यात २००९मध्ये क्षेत्रसभेचीही तरतूद आली, म्हणजे गावच्या ग्रामसभेसारखी मतदारांची बैठक. ती कागदावरच राहिली. कुणी नगरसेवक स्वतःहून अशी बैठक घेत असेल तर जरूर जा, पण तिची वाट बघत बसू नका.)

सगळ्यात जास्त माणसं चुकतात ती वेळेत. संताप जुलैत येतो, पैसे ठरतात हिवाळ्यात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. विभाग आपल्या कामांच्या याद्या आदल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून जमवू लागतात, आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात बदल करून ते सर्वसाधारण सभेकडे पाठवते, आणि ३१ मार्चच्या आत ते मंजूर होतं. जून-जुलैत दिलेल्या मागणीला ‘यंदा तरतूद नाही’ हे उत्तर येतं तेव्हा ते बहुधा खरंच असतं. पण तेच पत्र ऑक्टोबरमध्ये परत कुणी देत नाही, कारण तोवर गल्ली कोरडी झालेली असते आणि ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा चालू असतात.

म्हणून हा पावसाळा पुरावा जमवण्यात घालवा. कोपऱ्यावरच्या एखाद्या भिंतीवर, मालकाला विचारून, रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करा. प्रत्येक मोठ्या पावसात पाणी किती वाजता चढलं, कितीपर्यंत चढलं आणि किती वाजता उतरलं हे एका वहीत लिहा. त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढा. अशा आठ-दहा नोंदी अभियंत्याला दोनशे फोटोंपेक्षा जास्त सांगतात. चाळीस मिनिटांत ओसरणारं पाणी लहान पाइपकडे बोट दाखवतं. दोन दिवस न हलणारं पाणी दाखवतं की त्याला जायला वाटच नाही, किंवा पुढचा नाला अडला आहे.

सप्टेंबरमध्ये पत्र द्या, एक पानाचं. विषयाच्या ओळीत जागा आणि काम दोन्ही येऊ द्या: ‘अमुक चौक ते अमुक नाला या सुमारे १८० मीटर लांबीत पावसाळी वाहिनी टाकणे / क्षमता वाढवणे, सन २०२७-२८च्या अंदाजपत्रकात तरतूद करणेबाबत’. खाली गल्लीची रुंदी, बाधित घरांची संख्या, तुमच्या नोंदींचा छोटा तक्ता आणि तीन मागण्या: पातळी सर्वेक्षण करावे, पूर्वगणनपत्रक तयार करावे, त्यानुसार तरतूद प्रस्तावित करावी. सोबत चार फोटो आणि हाताने काढलेला नकाशा पुरे. पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या नावे. प्रत क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालयाच्या प्रमुखांना, चारही नगरसेवकांना आणि आयुक्तांना. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली तुमची प्रत जपून ठेवा. पुढचं प्रत्येक पत्र ‘संदर्भ: आवक क्रमांक अमुक’ असं सुरू होईल.

या पत्राचा घात दोन गोष्टी करतात. पहिली, रहिवासी आग्रह धरतात की आता लिहितोच आहोत तर भटकी कुत्री, दिवे आणि फेरीवालेही घाला. मग ते पत्र चार विभागांकडे फिरतं आणि कुणाचंच राहत नाही. एका पत्रात एकच विषय. दुसरी म्हणजे नुसती ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ अशी विनंती. तिचं उत्तर ‘कार्यवाही सुरू आहे’ असंच येणार.

पुण्यात २००६पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. ठरावीक मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून लहान कामं सुचवता येतात. तुमच्या शहरात असं काही असेल तर त्याची मुदत गाठा, मात्र मोठ्या वाहिनीसाठी त्यावर विसंबू नका.

माहिती अधिकार आत्ताच टाकू का, असं तुम्ही विचारलंत. आधी एक सोपी गोष्ट करा. २०१८च्या राज्य सरकारच्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना नोंदी पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. जाऊन दोन गोष्टी बघा: तुमच्या भागातल्या वाहिन्यांचा नकाशा, आणि तुमच्या तीन तक्रारींवर प्रत्यक्ष काय लिहिलंय. कर्मचाऱ्याला हा निर्णय माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा त्याची प्रत हातात ठेवा आणि आवाज न चढवता दाखवा.

तरीही कागद मिळाले नाहीत तर मग अर्ज. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील माहिती आयोगाकडे. आयोगाकडे प्रकरणं साचलेली असतात, म्हणून सगळा जोर पहिल्या अर्जाच्या शब्दरचनेवर द्या. ‘काम का केलं नाही?’ असं विचारलंत तर ‘ही माहिती व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येईल आणि ते नियमाला धरून असेल, कारण हा कायदा अस्तित्वात असलेले कागद देतो, खुलासे देत नाही. कागदच मागा: ‘अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिप्पणीची प्रत’, ‘अमुक रस्त्यावर गेल्या पाच आर्थिक वर्षांत झालेल्या ड्रेनेज व पथ विभागाच्या कामांचे कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानं’ (मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची सरकारी नोंदवही). या दुसऱ्या मागणीतून कधी कधी भलतंच निघतं. काम कागदावर झालेलं असतं, किंवा ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून देण्याची त्याच्यावरची मुदत, अजून चालू असतो. तसं असेल तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने करून घेता येते आणि नव्या तरतुदीची वाट बघावी लागत नाही.

लोकशाही दिनाबद्दल एक सावधगिरी. महापालिकेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्त तक्रारी ऐकतात, त्यासाठी साधारण १५ दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. ‘समस्त रहिवासी’ म्हणून दिलेला अर्ज याच कारणाने परत येतो. तळमजल्यावरच्या एका कुटुंबाने ‘माझ्या घरात मैलापाणी शिरतं’ असा स्वतःच्या नावे, आधीच्या पत्रांच्या पोच जोडून अर्ज केला तर तो बसतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५चा आधार इथे घेऊ नका. तो दाखले, परवाने, नोंदी अशा अधिसूचित सेवांसाठी आहे.

तुम्ही आणखी लिहिलंय की महापालिकेत काय चाललंय हे कळतच नाही, वर्तमानपत्रात फक्त भांडणं येतात. भांडणाच्या बातमीखाली बारीक अक्षरातली जाहीर सूचना छापलेली असते, ती वाचायची सवय लावा. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६च्या नगररचना कायद्यानुसार हरकतींसाठी ठरावीक मुदत मिळते, ती सूचनेतच छापलेली असते. मंजूर आराखड्यातलं एखादं आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ची सूचना निघते, तिथेही महिनाभराची मुदत असते. झाड तोडण्याच्या नोटिशीवर सात दिवस. हरकत घेणाऱ्याला आराखड्याच्या वेळी सुनावणीही मिळते. मुंबईच्या आराखड्याचा २०१५चा मसुदा हजारो हरकतींनंतर राज्य सरकारने मुळापासून दुरुस्त करायला लावला होता. तुमच्या गल्लीचं पाणी ज्या नाल्याला मिळतं, त्याची रुंदी अशाच एखाद्या फेरबदलात कमी होऊ शकते. म्हणून सूचनांमधली सर्व्हे नंबरं आणि पेठांची नावं वाचत चला. महापालिकेच्या सर्वसाधारण सभा, एखादा विषय बंद दाराआड घेण्याचा ठराव झाला नाही तर, जनतेला खुल्या असतात. प्रेक्षक सज्जासाठी पास घ्यावा लागतो. तिथे बोलता येत नाही, पण अंदाजपत्रकाच्या सभेत तुमचे चौघं काय बोलतात, किंवा बोलतात की नाही, हे समोर बसून ऐकता येतं. निविदा राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.

समजा तरतूद झाली. तेव्हा ग्रुपवर पेढे वाटू नका, कारण खरी गळती इथून पुढे असते. वर्षाच्या मध्यात ‘वर्गीकरण’ नावाचा प्रस्ताव येतो, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणं. निविदा निघाली नाही तर तुमचंच काम त्याला बळी पडतं. त्यामुळे एप्रिलनंतर दर महिन्याला विचारा: पूर्वगणनपत्रकाला मंजुरी मिळाली का, निविदा कधी, कार्यादेश कधी. काम सुरू झालं की नुसतं किती मीटर पाइप पडला ते मोजू नका. पाइपचा व्यास आणि दर्जा पूर्वगणनपत्रकाशी जुळतो का, पाइपखाली नीट बेड (पाइप टेकवायचा पक्का थर) केला का, चेंबर मंजूर नकाशातल्या अंतरांवर आहेत का, जाळी रस्त्याच्या सर्वांत खोल जागी बसवली का की सोयीच्या जागी, आणि शेवटचं टोक कुठे सोडलंय, हे बघा. वरच्या गल्लीत ६०० मिलिमीटरचा पाइप आणि पुढे तो ३०० मिलिमीटरच्या जुन्या पाइपला जोडलेला, असा प्रकार झाला तर पाणी फक्त पन्नास मीटर पुढच्या घरांत जाईल. आणि रस्त्याचं काँक्रीटीकरण प्रस्तावित असेल तर वाहिनी त्याआधी झालीच पाहिजे; नंतर रस्ता फोडायची परवानगी मिळवणं ही वेगळीच लढाई.

ग्रुपबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. या कामाला चार माणसं पुरतात: नोंदवही ठेवणारा एक, कार्यालयीन वेळेत जाऊ शकणारा एखादा निवृत्त माणूस, मराठीत नीट पत्र लिहिणारा एक, आणि इमारतींचे पाइप तपासायला सगळ्यांशी गोड बोलू शकणारा एक. बाकीच्यांकडून फक्त सही घ्या, तीही घर क्रमांकासह कागदावर. पंचवीस खऱ्या सह्या भरपूर होतात. सह्यांच्या क्रमात तुमचं नाव पहिलं असायलाच हवं असं नाही, आणि घरच्यांची भीती लक्षात घेता ते नसलेलंच बरं. पत्र संस्थेच्या किंवा रहिवासी मंडळाच्या नावे गेलं की कुणा एकावर रोख राहत नाही. त्या भीतीला अगदीच आधार नाही असं म्हणणार नाही. इमारतीत बेकायदा वाढीव बांधकाम असेल, तर तक्रारदारालाच नोटीस निघू शकते. ते आधी घरात तपासून घ्या.

मोर्चा काढायचाच तर जानेवारीत, अंदाजपत्रकाआधी, आणि हातात एक पानाची मागणी घेऊन. कोर्ट शेवटी. उच्च न्यायालय पहिल्यांदा हेच विचारतं की संबंधितांकडे निवेदन कधी दिलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं. आज तुमच्याकडे दाखवायला तीन बंद झालेल्या तक्रारी आहेत, वर्षभराने पोचपावत्यांची फाइल असेल. वकिलाकडे तेव्हा जा.

नगरपरिषदेच्या गावात राहणाऱ्या वाचकांसाठी: तुमचा कायदा १९६५चा आहे आणि आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात, पण नोंदवही, एका विषयाचं पत्र आणि हिवाळ्यातलं अंदाजपत्रक हे सगळं तसंच लागू पडतं. मुंबईकरांसाठी १८८८चा वेगळा कायदा आणि एका प्रभागात एकच नगरसेवक, त्यामुळे बोट दाखवायला दुसरा कुणी नाही, एवढी एक सोय.

यंदाच्या पावसात तळमजल्यावरच्या घरांचं काय, हा प्रश्न उरतो. इमारतीच्या शेवटच्या चेंबरमध्ये, पालिकेच्या वाहिनीला जोडण्याआधी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो. बाहेरून पाणी उलटं आलं की तो मिटतो. फक्त तो मिटलेला असतो तेव्हा वरच्या मजल्यांचं सांडपाणीही बाहेर जात नाही आणि तेच तळमजल्यावर वर येतं. म्हणून प्लंबरकडून तळमजल्याची लाइन वेगळी करून व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर बसवून घ्या. ते जमत नसेल तर जोराच्या पावसात तासभर वरच्यांनी वॉशिंग मशीन आणि न्हाणी बंद ठेवायची, असं इमारतीत आधीच ठरवा. व्हॉल्व्हच्या झडपेत कचरा अडकला की ती पूर्ण मिटत नाही, तेव्हा मे महिन्यात आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती उघडून साफ करून घ्यायला सांगा.